नदीकाठचं प्लास्टिक उचलायचंय? मराठवाड्यातल्या नव्या ग्रुपसाठी पहिल्यापासून सगळं

राम राम मंडळी. ट्रेकिंगवाले, सायकलवाले, पक्षी बघणारे, पोहायला जाणारे असे ग्रुप आपल्या मराठवाड्यात आता भरपूर झालेत आणि म्हैसमाळ, कपिलधार, सौताडा, नळदुर्ग, सहस्रकुंड, नाथसागर कुठंही गेलं की कुणीतरी विचारतंच, आम्हाला इथला कचरा उचलायचाय पण सुरुवात कुठनं करायची, परवानगी लागते का, उचललेलं न्यायचं कुठं. दरवेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतोय. ढाबा, हॉटेल, कृषी पर्यटन, चहाची टपरी अशा ठिकाणी ज्यांचा धंदा आहे त्यांनी पण वाचा, तुमच्यासाठी ८ नंबरला वेगळं लिहिलंय.

आधी आपल्या नद्यांचं एक समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आपल्या इकडच्या खाम, बिंदुसरा, कुंडलिका, कयाधू अशा नद्या वर्षातले सात-आठ महिने कोरड्या, नाहीतर सांडपाण्याचा बारीक ओघ. या काळात लोकांनी टाकलेलं प्लास्टिक कुठं जात नाही, जागच्या जागी पडून राहतं, बाभळीत अडकतं, पुलाखाली साचतं. मग मृगाचा किंवा आर्द्राचा एखादा जोरदार पाऊस येतो आणि पहिल्या पुरात ते सगळं एका रात्रीत खाली जातं. खामचं पाणी नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणात, बिंदुसरा सिंदफणेला मिळते आणि सिंदफणेवर माजलगावचं धरण. नाथसागरातूनच संभाजीनगर आणि जालन्याला प्यायचं पाणी येतं, म्हणजे आपलाच कचरा आपल्याच पाण्यात. पण याच्यातच आपली सोय पण आहे. बारमाही नदीवर लोकांना बोटी लागतात, आपल्याला कोरड्या पात्रात पायी चालत जाऊन उचलता येतं, फक्त वेळ चुकवायची नाही.

१. जागा लहान धरा

"आपण अख्खी नदी साफ करू" असं ग्रुपवर कुणी टाकलं की पन्नास अंगठे येतात आणि रविवारी सहा जण येतात. म्हणून दोनशे-तीनशे मीटरचा एकच तुकडा धरा, एक घाट, एका धबधब्याचं कुंड, एका पुलाच्या दोन्ही बाजू. जिथं तुम्ही तसेही जाताच तीच जागा घ्या, म्हणजे नंतर लक्ष पण राहतं.

दोघं-तिघं आधी जाऊन बघून या, एक सकाळ पुरते. बघायचं काय तर कचरा कशाचा आहे आणि आला कुठनं. पाण्याच्या बाटल्या, वेफरची पाकिटं असतील तर पर्यटक आणि आजूबाजूच्या टपऱ्या. काळ्या पिशवीत बांधलेले गठ्ठे असतील तर वरच्या वस्तीत घंटागाडी येत नाही असं धरून चौकशी करा. हार-फुलं भरलेल्या पिशव्या पुलाखालीच सापडतात, कारण गाडी थांबवून वरूनच फेकतात. काळ्या-चंदेरी कागदाचे फाटके तुकडे म्हणजे शेतातलं मल्चिंग, पिकाच्या बुडाशी अंथरायचा प्लास्टिकचा कागद. फोटो काढा आणि फोटो कुठं उभं राहून काढला ते लिहून ठेवा, पुढच्या वर्षी तिथंच उभं राहून काढायचाय.

२. तारीख ठरवा

सगळ्यात चांगला काळ मार्च ते मे अखेर, म्हणजे मृग निघायच्या आत. पाणी नसतं, गवत वाळलेलं असतं, सगळं उघडं दिसतं. पण ऊन! एप्रिल-मे मधे सकाळी सहाला सुरू आणि नऊला बंद, त्याच्या पुढं एक मिनिट नाही, आपल्याकडं पारा चाळीसच्या वर जातो आणि उत्साहात कुणी सांगत नाही की गरगरतंय.

दुसरी वेळ म्हणजे जत्रा-उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी. पैठणची नाथषष्ठी, श्रावणातल्या सोमवारची गर्दी, गणपती विसर्जन, गोदावरीच्या घाटांवर गंगाखेड-नांदेडला पर्वणीची स्नानं. तेव्हा कचरा ताजा आणि कोरडा असतो, महिनाभरानं गेलं की चिखलात मुरलेला असतो आणि चौपट मेहनत लागते. भर पावसाळ्यात पात्रात उतरून मोहीम ठेवू नका, श्रावण-गणपतीला पण काठावरचंच उचला. पाऊस तुमच्या गावात नसला तरी वर कुठंतरी झालेला असतो आणि ओढ्याला अचानक लोंढा येतो.

३. उचलायच्या आधी ठरवा, जाणार कुठं

हा भाग नीट वाचा, मोहिमा इथंच फसतात. शंभर पोती भरतात, फोटो होतात, पोती काठावर लावून सगळे घरी जातात आणि तीन-चार दिवसात कुत्री, वारा, गुरं मिळून सगळं परत पात्रात. किंवा गावातले कुणीतरी मदत म्हणून काडी लावतात. प्लास्टिक जाळणं अजिबात चालू देऊ नका, धूर विषारी असतो आणि राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मधेच उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी घालून साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावरच्या जाळण्याला २५,००० रुपये दंड ठरवलाय. जेसीबीनं खड्डा करून पुरायची पण सूचना येईल, हमखास येईल, तिला पण नाही म्हणा. नदीकाठी पुरलेलं पुढच्या पुरात उघडं पडतं.

मग न्यायचं कुठं? सगळं प्लास्टिक एक नसतं, म्हणून आधी भंगारवाल्या भाऊंकडं जा, चहा घ्या आणि विचारा की तुम्ही काय घेता, काय नाही. साधारण असं असतं:

पाणी आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या ते घेतातच, पण आत चिखल-पाणी नको, चेपलेल्या हव्यात. झाकण वेगळं काढा, ते वेगळ्या जातीचं प्लास्टिक असतं. (बाटलीचं प्लास्टिक पाण्यापेक्षा जड आणि झाकणाचं हलकं, म्हणून झाकण नसलेली बाटली पाणी भरून तळाला जाते आणि झाकणं मात्र तरंगत काठाला लागतात. काठावर नुसती झाकणं दिसली तर बाटल्या खाली आहेत असं समजा.) तेलाचे डबे, फिनेलच्या बाटल्या, तुटक्या बादल्या, ठिबकच्या जुन्या नळ्या हे पण विकलं जातं. दुधाच्या पिशव्या धुतलेल्या आणि वाळलेल्या असतील तर.

वेफर, कुरकुरे, बिस्किटं, शाम्पूच्या आणि गुटख्याच्या पुड्या कुणी घेत नाही. एका पुडीत प्लास्टिक, चंदेरी पत्रा, शाई असे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करून परत काही बनवता येत नाही. वजनाला काही नाही पण संख्येनं सगळ्यात जास्त हेच सापडतं. याचा नेहमीचा रस्ता म्हणजे गठ्ठे बांधून सिमेंट कारखान्याच्या भट्टीत जळण म्हणून जाणं, आणि ते तुम्ही-आम्ही एकेकट्यानं करू शकत नाही, त्याला नगरपालिका किंवा पंचायत समिती लागते. शहरात असाल तर मनपाच्या घनकचरा विभागाला विचारा की सुका कचरा वेगळा करायचं केंद्र कुठंय आणि तुमची गाडी किती वाजता तिथं घेतील. खेड्यात असाल तर स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला प्लास्टिक कचरा व्यवस्थापन युनिटसाठी १६ लाखांपर्यंत तरतूद केली गेली, तर तुमच्या तालुक्याचं युनिट कुठं आहे, मशीन चालू आहे का, हे पंचायत समितीच्या गट संसाधन केंद्रात जाऊन स्वतः बघा. कागदावर चालू आणि प्रत्यक्ष कुलूप असं असू शकतं, म्हणून फोनवर भागवू नका.

आणि एक, तुम्ही येण्याच्या आधीपासून तिथं कचरा वेचणाऱ्या बाया, माणसं येत असतात. त्यांना पहिल्याच दिवशी भेटा. बाटल्यांवर त्यांचं पोट आहे, आपण रविवारी येऊन त्यांचा माल उचलून नेणं बरोबर नाही. विकला जाणारा माल त्यांना द्या, ते तुम्हाला कुठं काय साचतं ते असं सांगतील की कुठल्या सर्व्हेत मिळणार नाही.

४. परवानगी आणि कागदपत्रं

घाबरू नका, फार काही नाही, पण तोंडी "करा करा, चांगलं काम आहे" यावर जाऊ नका. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का घ्या. कुणाकडं जायचं ते जागेवर आहे:

- गावाची हद्द असेल तर ग्रामपंचायत, शहरात नगरपालिका किंवा मनपाचा स्वच्छता विभाग
- धरण, कालवा, बॅकवॉटर असेल तर पाटबंधारे विभागाचं शाखा कार्यालय
- जंगल किंवा अभयारण्य असेल तर वन परिक्षेत्र अधिकारी. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथं वन्यजीव विभागाला विचारल्याशिवाय काठावर माणसं जमवायची नाहीत
- किल्ला, लेणी असेल तर पुरातत्त्व विभाग
- देवस्थान असेल तर ट्रस्ट. यांना सगळ्यात आधी भेटा, ट्रस्टी सोबत असले की गाव सोबत येतं
- पोलीस स्टेशनला नुसतं माहितीसाठी पत्र

अर्जात एवढं असलं की झालं: विषय, "अमुक ठिकाणी प्लास्टिक कचरा गोळा करण्यास परवानगी व गोळा केलेला कचरा नेण्यासाठी वाहन मिळणेबाबत". खाली तारीख, वेळ, अंदाजे माणसं, जागेचा नकाशा (मोबाईलचा स्क्रीनशॉट चालतो), कचरा वेगळा करून कुठं देणार, आणि दोन जबाबदार माणसांची नावं, नंबर आणि आधारची झेरॉक्स. वाहनाची मागणी परवानगीच्या पत्रातच करा, वेगळी केली की वेगळी फाईल होते. शाळा-कॉलेजची मुलं येणार असतील तर प्राचार्यांचं पत्र आणि पालकांची सही.

ग्रामपंचायत ढिली वाटली तर ग्रामसेवक भाऊसाहेबांना सांगा की राज्य सरकारच्या माझी वसुंधरा अभियानात अशा कामाची नोंद दाखवता येते, फोटो आणि वजनाचा हिशोब आम्ही देतो. त्यांना तयार माहिती मिळते आणि तुम्हाला ट्रॅक्टर.

५. सामान

जाड रबरी तळव्याचे हातमोजे (दवाखान्यातले पातळ नकोत, काच आणि काटा दोन्ही आरपार जातात), बंद बूट, टोपी. धान्याची किंवा साखरेची रिकामी पोती आणा, ती पाच-सहा वेळा वापरता येतात, कचऱ्यासाठी नवीन काळ्या प्लास्टिक पिशव्या विकत घेण्यात अर्थ नाही. दाताळं दोन-तीन, विळा, दोरी, घमेली, टोकाला खिळा ठोकलेल्या काठ्या. लटकवायचा वजनकाटा एक. शिट्टी. पाण्याचे जार आणि प्रत्येकानं आपली बाटली. ओआरएस, पट्ट्या, डेटॉल. टणक झाकणाचा एक जाड डबा, सुया सापडल्या तर त्यासाठी.

फ्लेक्स छापू नका. तो पण प्लास्टिकच आहे आणि कार्यक्रम झाला की तिथंच राहतो. चादरीच्या कापडावर रंगानं लिहा, दरवर्षी तेच वापरा. नाष्टा ठेवणार असाल तर पोहे स्टीलच्या ताटल्यात नाहीतर पळसाच्या द्रोणात.

६. जीव सांभाळून

इथं कुणी ऐकत नाही म्हणून जरा कडक लिहितोय.

वाळू उपशाचे खड्डे. गोदावरीच्या, मांजराच्या, दुधनेच्या पात्रात वरून गुडघाभर पाणी दिसतं आणि पुढच्या पावलाला डोक्याच्या वर खोल असतं. पाण्यात कुणीच उतरायचं नाही, पोहता येणाऱ्यानं पण नाही, पाण्यातलं प्लास्टिक काठावरनं लांब काठीनं जेवढं येईल तेवढंच. आत जायचंच असेल तर भोई समाजातल्या किंवा तिथल्या मासेमारी करणाऱ्या दादांना घेऊन, लाईफ जॅकेट घालून, आणि त्यांच्या श्रमाचे पैसे देऊन. चालू कालव्यात तर अजिबात नाही, सिमेंटच्या उतारावर शेवाळ असतं, आत गेलेल्या माणसाला धरायला काही नसतं.

साप-विंचू. पोत्याखाली, बुटाखाली, थर्मोकोलखाली घोणस, मण्यार, लाल विंचू असतात. हात घालायच्या आधी काठीनं उलटायचं. सापाची लस आणि विंचवाचा उपचार कुठल्या ग्रामीण रुग्णालयात आहे हे आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवा, चावल्यावर शोधायचं नसतं. १०८ सगळ्यांच्या मोबाईलमधे.

औषधाच्या बाटल्या. म्हणजे फवारणीच्या. ओढ्याच्या कडेला, विहिरीजवळ हमखास सापडतात. लेबलवर लाल किंवा पिवळा त्रिकोण दिसला तर जास्त विषारी, पण रंग कुठलाही असो, आत थोडं उरलेलं असतंच, मुलांना हात लावू देऊ नका, भंगारात देऊ नका, त्यात पाणी भरून धुवू नका. जागा लिहून घ्या, फोटो काढा आणि कृषी सहायक आणि ग्रामपंचायतीला कळवा. सुया, सलाईनच्या नळ्या दिसल्या तर प्राथमिक आरोग्य केंद्राला.

आणि वीज. मे-जूनमधे दुपारनंतर आपल्याकडं वळीव कसा येतो माहितीय, दरवर्षी वीज पडून शेतात माणसं जातात. वीज पडायचा इशारा देणारं दामिनी ॲप टाकून ठेवा, गडगडाट ऐकू आला की काम बंद, झाडाखाली थांबायचं नाही.

७. प्रत्यक्ष सकाळ

पाच-पाचच्या टोळ्या करा, प्रत्येक टोळीला एक गावातला माणूस. टोळीत दोघं उचलणार, दोघं पोती धरणार, एक जण लक्ष ठेवणार. उचलतानाच वेगळं करायचं, एका पोत्यात बाटल्या, एकात कडक प्लास्टिक, एकात पुड्या-पाकिटं, बाकीचं एकात. नंतर वेगळं करू म्हटलं की ते होत नाही, नऊ वाजता सगळे दमलेले असतात.

बाभळीत, बेशरमात गुंतलेल्या पिशव्या ओढून काढू नका, तुकडे होतात आणि तुकडे परत उचलता येत नाहीत. विळ्यानं फांदी कापा. नाथसागराच्या काठाला तंगूसची (नायलॉनच्या बारीक दोऱ्याची) तुटकी जाळी सापडतात, ती दिसली की बाकी सगळं सोडून आधी ती काढा, त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात, मासे-कासवं पण. जाळी गुंडाळायच्या आधी मासेमारांना विचारा, कधी कधी ती चालू जाळी असते आणि कुणाच्या तरी घरची ती कमाई.

शेवटी वजन. पोती उभी करून पाणी निथळू द्या, मग काट्याला लावा आणि वहीत लिहा, जातीप्रमाणे. वजनासोबत एका पोत्यातल्या पुड्या मोजून कुठल्या वस्तूच्या किती ते पण लिहा. हा कागद पुढं फार कामाला येतो, कारण टपरीवाल्या मामाला "तुम्ही कचरा करता" म्हटलं तर भांडण आणि "मामा, आज सापडलेल्यात सगळ्यात जास्त हे चहाचे कप होते, काय करता येईल" म्हटलं तर बोलणं सुरू होतं.

गाडी भरून निघाली, युनिटला किंवा भंगारात पोचली आणि पावती मिळाली, तेव्हा मोहीम संपली. तोपर्यंत दोघांनी थांबायचं.

८. ढाबे, टपऱ्या, हॉटेल, हुरडा पार्टीवाले

माझं स्पष्ट मत आहे की उचलण्याच्या एका दिवसामागं दुकानदारांशी बोलण्याचे चार दिवस द्यावे लागतात. पर्यटनाच्या जागेवर दहा-बारा दुकानं असतात आणि खाली पडणारा जवळजवळ सगळा माल त्यांच्याच काउंटरवरून गेलेला असतो. ही माणसं वाईट नाहीत, त्यांना पर्याय महाग आणि कटकटीचा वाटतो एवढंच. पहिल्यांदा गेलं की "काय करलालाव हो इथं?" असं जरा संशयानंच विचारतात, पालिकेची माणसं दंड करायला आली असं वाटतं. म्हणून पावती-पुस्तक नाही हे आधी सांगा, चहा प्या, मग बोला.

कायदा त्यांना माहीत असायला पाहिजे, धमकी म्हणून नाही तर नुकसान होऊ नये म्हणून. महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून प्लास्टिक कॅरीबॅगवर बंदी आहे, दंड पहिल्या वेळी ५,०००, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये आणि तीन महिने कैद. शिवाय १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे कप, ग्लास, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ, सजावटीचं थर्मोकोल हे सगळं बंद. कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवी असते ना, ती पण कापड नाही, प्लास्टिकच्याच धाग्याची असते, दुकानदाराला होलसेलवाल्यानं "ही चालते" म्हणून दिलेली असते. कागदी कपाला पण आतून प्लास्टिकचा थर असतो, तो कुजत नाही.

चहाच्या टपरीला काचेचे ग्लास परवडतात. अडचण ग्लासची नसते, धुवायच्या पाण्याची असते, आणि आपल्या भागात उन्हाळ्यात पाणी टँकरनं येतं हे विसरून सल्ला देऊ नका. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं आपण सगळ्यांनी बघितलंय. मग काय करायचं, तर दोन बादल्यांची पद्धत, पहिल्या बादलीत विसळून दुसऱ्या स्वच्छ बादलीत बुडवायचे, वापरलेलं पाणी झाडाला, आणि गर्दीच्या दिवशी ट्रस्ट किंवा ग्रुपनं एक जादा जार द्यायचा. एका टपरीनं महिनाभर करून दाखवलं की शेजारचा विचारायला येतो.

पाण्याची बाटली हा मोठा विषय. ढाब्यावर आरओचा जार आणि स्टीलचा जग ठेवा, आणि "बाटली भरून मिळेल" अशी पाटी दर्शनी भागात लावा, दोन-पाच रुपये घ्यायला हरकत नाही. सीलबंद बाटली विकणार असाल तर तिच्यावर अनामत ठेवून बघा. तमिळनाडूत निलगिरीच्या डोंगरात २०२२ पासून दारूच्या बाटलीवर १० रुपये जास्त घेतात आणि रिकामी परत दिली की ते परत देतात. आपल्याकडं एका जागेच्या सगळ्या दुकानांनी मिळून एकच स्टिकर लावला तर पाण्याच्या बाटलीला पण असं करता येईल, मात्र सगळ्यांनी एकाच दिवशी सुरू करायला पाहिजे, एकट्यानं केलं तर गिऱ्हाईक शेजारी जातं.

हुरडा पार्टीवाल्यांना खास विनंती. डिसेंबर-जानेवारीत तुमच्याकडं शहरातली शेकडो माणसं येतात ती गावाकडचं काहीतरी अनुभवायला, आणि आपण त्यांना हुरडा थर्मोकोलच्या ताटलीत देतो. पळसाची पत्रावळ द्या, गूळ-दही मातीच्या भांड्यात, चटणी द्रोणात. पत्रावळी लावणाऱ्या बाया अजून गावोगाव आहेत, सीझनच्या दोन महिने आधी ऑर्डर द्या, ऐन वेळी मिळत नाहीत. उष्ट्या पत्रावळी थेट खतात जातात, म्हणजे कचऱ्याच्या गाडीचा प्रश्न पण सुटतो.

९. शेतातलं प्लास्टिक

हे बाकी कुठल्या लेखात सापडत नाही पण आपल्याकडं यावाचून काम पूर्ण होत नाही. टरबूज, मिरची, टोमॅटोचं मल्चिंग पीक निघालं की फाडून बांधावर टाकतात, वाऱ्यानं ओढ्यात. पातळ आणि मातीत माखलेलं असल्यामुळं भंगारवाला घेत नाही. जाड घेतलं तर अखंड निघतं, पातळाच्या चिंधड्या होतात, एवढं तरी शेतकरी भावांना सांगा. काढताना ओलावा असताना गुंडाळत न्यायचं, झटकून वाळवायचं, आणि गावातल्या दहा-वीस शेतकऱ्यांचं एकत्र करून तालुक्याच्या युनिटला एकदाच न्यायचं, एकट्याच्या दोन पोत्यांसाठी कुणी गाडी पाठवत नाही.

फवारणीच्या बाटलीचं असं करायचं: औषध पंपात ओतलं की बाटलीत पाणी घालून हलवून ते पाणी पंपातच, असं तीन वेळा, मग बाटलीला भोक पाडायचं म्हणजे कुणी तेल-पाणी भरायला वापरणार नाही. कृषी सेवा केंद्रवाले शेतकऱ्याशी रोज बोलतात, त्यांच्या काउंटरवर हे चार ओळीत लिहून लावा.

१०. कंपन्यांकडून मदत

वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, जालन्याची एमआयडीसी जवळ आहे तर मदत मिळू शकते. पण हे माहीत असू द्या की सीएसआरचा, म्हणजे नफ्यातला ठराविक हिस्सा समाजाच्या कामाला खर्च करायचा, नियम सगळ्या कंपन्यांना नाही, ज्यांचा निव्वळ नफा किमान ५ कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा नेटवर्थ ५०० कोटी आहे त्यांनाच, नफ्याच्या सरासरीच्या २ टक्के. पैसे घ्यायचे तर तुमची नोंदणीकृत संस्था लागते, १२ए, ८०जी (आयकर सवलतीच्या) आणि सीएसआर-१ (सीएसआरचे पैसे घेण्यासाठीची) नोंदणी लागते. नवीन ग्रुपकडं हे नसतं आणि नसलं तरी अडत नाही. लहान कारखान्याकडं वस्तू मागा, हातमोजे, वजनकाटा, एका दिवसाचा टेम्पो. मोठ्या कंपनीकडं पैसे मागण्याआधी त्यांच्या गेटबाहेरच्या नाल्यातलं पॅकिंगचं प्लास्टिक त्यांच्याच कामगारांना घेऊन उचला.

शहरातली मोठी कामं अशीच एकत्र येऊन उभी राहिलीत. संभाजीनगरच्या खाम नदीचं काम महानगरपालिका, छावणी परिषद, पर्यावरणाचं काम करणारं इकोसत्त्व आणि व्हेरॉक कंपनी यांनी मिळून केलं, आणि जगभरातल्या शहरांसाठीच्या एका मोठ्या पुरस्काराच्या अंतिम यादीत ते गेलं. नव्या ग्रुपनं तिथं एकदा जाऊन नुसतं चालून या.

एक सावधगिरी. कुणी उत्साहानं नाल्यावर कायमची लोखंडी जाळी बसवायला पैसे देईल. पालिकेच्या इंजिनिअरशिवाय ते करू नका, पुरात जाळीला कचरा तटला की पाणी तुंबून वस्तीत शिरतं.

११. पहिल्या पुरानंतर

जुलैमधे पाणी उतरलं की त्याच जागी, त्याच ठिकाणी उभं राहून फोटो काढा आणि पुन्हा वही उघडा. वरून नवीन काय वाहून आलंय ते बघा. बाटल्या कमी आणि घरगुती पिशव्या जास्त असतील तर टपऱ्यांचं काम जमलंय आणि आता वरच्या वस्तीत घंटागाडी आणायच्या मागं लागायचं, त्यासाठी वॉर्डातल्या लोकांच्या सह्यांचा अर्ज आणि हेच फोटो. निर्माल्याच्या पिशव्या तशाच असतील तर पुलाच्या दोन्ही टोकांना निर्माल्य कलश मागा आणि तो रोज रिकामा कोण करणार त्या माणसाचं नाव आधी ठरवून घ्या, भरून वाहणारा कलश नसलेला बरा. हुरड्याच्या सीझनच्या पत्रावळीची ऑर्डर ऑक्टोबरमधे, पुढच्या मार्चच्या परवानगीचा अर्ज जानेवारीत, ही दोन कामं आत्ताच मोबाईलच्या कॅलेंडरमधे टाकून ठेवा.